शेवटच्या युनिटचा भाव: नाशिकच्या घरात वीज-गॅसची सोय केव्हा बदलावी

नाशिक शहरात घरगुती विजेचा पुरवठादार एकच आहे: महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी, म्हणजे महावितरण. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन झाले आणि निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या निघाल्या. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘एमएसईबी’च आहे, आणि ग्राहकाच्या दृष्टीने फारसे काही बदललेही नाही, कारण दारापर्यंत येणारी तार एकाच कंपनीची राहिली. कंपनी बदलून स्वस्त वीज मिळवणे हा मार्ग नाशिककराला खुला नाही. त्याला बदलता येते ते दुसरेच: युनिटांची संख्या, वापराची वेळ, जोडणीचा प्रकार, वर्गवारी, छतावर तयार होणारी वीज आणि चुलीचे इंधन. यांतले काय बदलावे आणि केव्हा, हे ठरवायला बिलावर न छापलेला एक आकडा काढावा लागतो. तो म्हणजे घरात वापरल्या गेलेल्या शेवटच्या युनिटचा भाव.

कंपनी बदलण्याची सोय नाशिकमध्ये का नाही

वीज अधिनियम २००३ ने एका क्षेत्रात एकाहून अधिक वितरण परवानाधारकांना वाव ठेवला आहे, पण नव्याने येणाऱ्याने वितरणाचे जाळे स्वतःचे उभारावे अशी अट आहे. भरल्या वस्तीत खांब, रोहित्रे आणि भूमिगत केबल यांचा दुसरा संसार मांडणे कोणाला परवडण्यासारखे नाही. दुसऱ्याच्या तारांवरून हव्या त्या उत्पादकाची वीज आणण्याची मुभाही कायद्यात आहे. तिला मुक्त प्रवेश म्हणतात. पण तिची मूळ मर्यादा १ मेगावॅटची, आणि हरित विजेसाठी ती २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅटवर आली. सातपूर किंवा अंबडमधला कारखाना हा विचार करू शकतो. तीन-चार किलोवॅट मंजूर भाराच्या घराला त्याचा उपयोग नाही.

नाशिक जिल्ह्यातच मालेगावात १ मार्च २०२० पासून वीजवितरण फ्रँचायझीकडे आहे, त्यामुळे तिथे वेगळा दर लागत असावा असा अनेकांचा समज असतो. फ्रँचायझी बिल देते, वसुली करते, तारा सांभाळते. परवाना महावितरणचाच राहतो आणि दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच लागू होतात. जवळच्या एकलहरे वीजनिर्मिती केंद्राबद्दलही असाच एक गैरसमज आढळतो. तिथले २१० मेगावॅटचे तीन संच राज्याच्या जाळ्यात वीज सोडतात. केंद्र दाराशी आहे म्हणून नाशिककराच्या बिलात एक पैसाही कमी होत नाही.

राज्यात घरगुती ग्राहकाला खरी निवड मिळाली ती मुंबईच्या उपनगरांत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये टाटा पॉवरला लहान ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने तिथे वीज पुरवणाऱ्या तत्कालीन रिलायन्सच्या ग्राहकांना त्याच तारांवरून टाटाची वीज घेण्याची वाट मोकळी केली. टाटाचा दर तेव्हा कमी होता, म्हणून ग्राहक मोठ्या संख्येने तिकडे वळले. पुढे २०११ मध्ये अशा स्थलांतरित ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसला. २०१२ मध्ये तर आयोगाने काही काळ हे स्थलांतर ३०० युनिटांपर्यंतच्या लहान ग्राहकांपुरते मर्यादित केले. रिलायन्सचा हा व्यवसाय २०१८ मध्ये अदानींकडे गेला. मुंबईत राहायला जाणाऱ्या नाशिककराने यातून एवढे लक्षात ठेवावे: दोन कंपन्यांची तुलना नुसत्या वीज आकाराने करू नये. वहन आकार, अधिभार आणि इंधन समायोजन धरून युनिटमागे पडणारी बेरीज पाहावी, आणि ती आपल्या वापराच्या टप्प्यातली पाहावी. शंभर युनिटांच्या घराला स्वस्त पडणारी कंपनी चारशे युनिटांच्या घराला महाग पडू शकते.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मुले सुट्टीत घरी आली की ‘कंपनी बदलत का नाही?’ असे विचारतात. तिथे १९९९ पर्यंत प्रत्येक घराला वीज आणि गॅसचा पुरवठादार निवडण्याची मुभा मिळाली होती. तिथला निर्णय करार संपण्याच्या तारखेभोवती फिरतो: ठरावीक मुदतीचा दर केव्हा संपतो, मुदतीआधी सोडल्यास दंड किती, आणि युनिटच्या दराबरोबर रोजचा स्थिर आकार किती. पण २०२१ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा दोन डझनांहून अधिक पुरवठादार बुडाले. सर्वांत स्वस्त दर दाखवणाऱ्या कंपन्यांचा त्यांत मोठा भरणा होता, आणि त्यांचे ग्राहक भलत्याच कंपनीच्या दरपत्रकावर जाऊन पडले. निवड असणे ही निर्धोक गोष्ट नाही, एवढे त्या अनुभवाने दाखवले.

महाराष्ट्रातही समांतर परवान्याचा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. नवी मुंबई-ठाणे पट्ट्यासाठी अदानी समूहाने मागितलेल्या परवान्याविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यभर संप पुकारला आणि चर्चेनंतर त्याच दिवशी मागे घेतला. एकाच जाळ्यावर अनेक पुरवठादारांना परवानगी देणारे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते; ते मंजूर झाले नाही. अशा बातम्यांवर विसंबून सौरसंच किंवा गॅसजोडणीचा निर्णय लांबणीवर टाकण्यात हशील नाही.

शेवटचे युनिट कसे ओळखावे

महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर १६ टक्के वीज शुल्क असते. वीज आकार टप्प्यांनी चढतो. दर बदलत असतात, म्हणून इथे २०२४-२५ या वर्षाचे दर उदाहरणादाखल धरले आहेत. हिशेबाची रीत तीच ठेवून वाचकाने हातातल्या बिलावरचे आकडे घालावेत. त्या वर्षी वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि ५०० च्या पुढे १७.८१ रुपये पडत. सिंगल फेजचा स्थिर आकार महिना १२८ रुपये होता.

टप्पा ओलांडला की सगळीच युनिटे महाग होतात, हा समज घरोघरी आढळतो. तो चुकीचा आहे. १०१ युनिटे वापरणाऱ्याला पहिली १०० जुन्याच भावाने मिळतात, वरचे एक तेवढे महाग पडते. म्हणून ‘शंभरच्या आत राहायलाच हवे’ या धास्तीत महिनाअखेरीला पंखे बंद ठेवण्याचे कारण नाही. मात्र वरच्या टप्प्यातले प्रत्येक युनिट वाचवण्याची किंमत खालच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट आहे, ही गोष्ट खरी.

शुल्क धरून पाहिले तर शेवटच्या युनिटचा भाव पहिल्या टप्प्यात ६.८२ रुपये, दुसऱ्यात १३.२९, तिसऱ्यात १८.२४ आणि चौथ्यात २०.६६ रुपये येतो. आता दोन घरे घ्यावीत. एकाचा वापर महिना ९० युनिटे, बिल सुमारे ७६२ रुपये. सरासरी काढली तर युनिट साडेआठ रुपयांच्या आसपास पडते. दुसऱ्याचा वापर ३०० युनिटे, बिल सुमारे ३,४८९ रुपये, सरासरी ११.६३ रुपये. एकूण बिलाला युनिटांनी भागून निर्णय घेणारा दोन्हीकडे फसतो: लहान घर आपली बचत फुगवून सांगते, मोठे घर कमी करून. लहान घराचे एक युनिट वाचले तर वाचतात ६.८२ रुपये, मोठ्या घराचे वाचतात १३.२९.

हा हिशेब एका महिन्याच्या बिलावर करू नये. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो. बारा महिने समोर ठेवावेत. नाशिकच्या घराला वर्षात दोन चढ येतात. एक एप्रिल-मे-जूनचा, पंखे-कूलर-एसीचा. दुसरा डिसेंबर-जानेवारीचा, गिझरचा, कारण इथली थंडी कोकणातल्यासारखी लटकी नसते. ज्या घराचा वापर आठ महिने ९० आणि चार महिने २५० आहे, त्याला दोन वेगवेगळे शेवटचे भाव आहेत, आणि उपाय शोधायचा तो त्या चार महिन्यांवर. रीडिंग किती दिवसांचे आहे हेही पाहावे. ३८ दिवसांचे बिल आले तर टप्प्यांचा लाभही त्या प्रमाणात मिळायला हवा. तो दिसला नाही तर विचारणा करावी. एप्रिल-मेमध्ये सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येते. ती ठेव सुमारे दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असावी असा नियम आहे आणि तिच्यावर व्याज मिळते. ही ठेव दरवाढीचा भाग नव्हे.

लहान बदल

जोडणीचा प्रकार बदलून होणारी बचत लोक सहसा विसरतात. जुन्या बंगल्यात कधीकाळी पंपासाठी किंवा तळमजल्यावरच्या लहान उद्योगासाठी थ्री फेज घेतलेले असते. पंप गेला, उद्योग बंद झाला, जोडणी तशीच राहते. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक आहे, म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक रुपये नुसते मीटर टांगून ठेवण्याचे जादा जातात. एकाच वेळी चालणारी उपकरणे ४० अँपिअरच्या आत बसत असतील तर सिंगल फेज पुरते. दोन-तीन एसी किंवा लिफ्ट असेल तर या वाटेला जाऊ नये, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत मोठा सौरसंच किंवा विजेवरची मोटार घ्यायची असेल तरी थांबावे.

वर्गवारी हा दुसरा मुद्दा. घरातून शिकवण्या, शिलाई, पोळीभाजीचा डबा किंवा सल्लागाराचे काम चालत असेल तर मीटर व्यापारी दराला टाकला जाईल ही भीती असते. आयोगाच्या दरआदेशानुसार घराच्या काही भागात असे काम करणाऱ्याचा वापर महिना ३०० युनिटांच्या आत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांच्या आत असेल तर त्याला घरगुती दरच लागतो. मर्यादा ओलांडायच्या बेतात असेल तर आपण होऊन कार्यालयाला कळवणे शहाणपणाचे. तपासणीत उघडकीस आले तर वीज अधिनियमाच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि तिथे आतापर्यंतची सारी बचत धुऊन निघते.

एकाच घरात टप्प्याचा फायदा घेण्यासाठी दोन मीटर लावण्याची युक्ती इंदिरानगर, सिडको भागात ऐकायला मिळते. स्वतंत्र प्रवेश, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि खरोखर वेगळे कुटुंब किंवा भाडेकरू असेल तर वेगळा मीटर मागणे रास्त आहे. एकाच कुटुंबाने पहिले १०० युनिट दोनदा मिळवण्यासाठी तो मागितला तर तपासणीत अडचण येते.

उपकरणांचा हिशेब सरळ आहे. साध्या ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला १६ युनिटे वाचतात. दुसऱ्या टप्प्यातल्या घराला ते २१५ रुपये, पहिल्यातल्या घराला ११०. दुसऱ्या टप्प्यातल्या घराने पंखा आजच बदलावा. पहिल्या टप्प्यातल्या घराने जुना जळेपर्यंत वाट पाहिली तरी बिघडत नाही.

वेळेनुसार दराची, म्हणजे टीओडीची सवलत जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झाली. टीओडी मीटर असलेल्या घराला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. धुलाईयंत्र, पाण्याचा पंप, इस्त्री, दुचाकीचे चार्जिंग या वेळेत हलवून महिन्याला ४० युनिटे साधली तर तीस-पस्तीस रुपये सुटतात. नाशिकच्या हिवाळ्यात गिझर लागतो तो सकाळी सहाला, तेव्हा सवलत कुठे आहे! दिवसभर माणसे घरात असणाऱ्या कुटुंबाला थोडा लाभ, नोकरदार जोडप्याला जवळपास नाही. बिल सात दिवसांत भरल्यास मिळणारी एक टक्का सूट आणि कागदी बिल सोडल्याबद्दलची सूट या दोन्ही घ्याव्यात; त्यांना श्रम पडत नाहीत.

छतावरची वीज

पुरवठादार बदलण्याच्या सर्वांत जवळ जाणारा निर्णय हाच. पंतप्रधान सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार असे कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते. त्यासाठी पॅनेल भारतीय बनावटीचेच लागतात. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटे, महिन्याला १२० युनिटे मिळतात. पावसाळ्यात ही संख्या बरीच खाली येते.

किती किलोवॅट घ्यावे, याचे उत्तर विक्रेते बहुधा ‘तीन’ असे देतात, कारण अनुदान तिथे पूर्ण होते. घराचे उत्तर शेवटच्या युनिटापासून सुरू व्हावे. ३०० युनिटांचे तेच घर घ्यावे. दोन किलोवॅटचा संच महिन्याला २४० युनिटे देतो. त्यांतली २०० वरच्या टप्प्यातून कमी होतात, ४० खालच्या. वाचतात सुमारे २,९३० रुपये. संचाचा भाव सव्वा लाख धरला तर ६० हजार अनुदान जाऊन ६५ हजार उरतात आणि ते दोन वर्षांच्या आत वसूल होतात. तिसऱ्या किलोवॅटच्या वाट्याला उरतात ती पहिल्या टप्प्यातली ६० युनिटे, म्हणजे महिन्याला ४०९ रुपये. त्याचा वाढीव खर्च ५५ हजार धरला तर अनुदान वजा जाता ३७ हजार वसूल व्हायला साडेसात वर्षे लागतात. पहिले दोन किलोवॅट उत्तम गुंतवणूक, तिसरा ठीकठाक. लवकरच एसी किंवा विजेवरची गाडी यायची असेल तर तिसरा घ्यावा, नसेल तर पैसे दुसरीकडे लावावेत.

९० युनिटांच्या घराचे गणित वेगळे. एक किलोवॅट त्याचे सारे युनिट भागवतो, पण वाचतात महिन्याला ६१४ रुपयेच. संच ७५ हजारांना पडला तर ३० हजार अनुदान वजा जाता सहा वर्षे लागतात. अशा घराने शेजाऱ्याचे पाहून तीन किलोवॅट बसवले तर वसुलीला जवळजवळ चौदा वर्षे. हा आतबट्ट्याचा व्यवहार. शिवाय स्थिर आकार सौरसंच असला तरी भरावाच लागतो. ‘शून्य बिल’ हा जाहिरातीतला शब्द आहे.

नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्त झालेली वीज महावितरणकडे जाते आणि युनिट म्हणून खात्यावर जमा राहते. हे खाते ३१ मार्चला बंद होते; शिल्लक युनिटांचे पैसे आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर विकत घेण्याच्या भावापेक्षा कमी असतो. इथे नाशिकचे हवामान आडवे येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाश निरभ्र, कूलर अजून सुरू व्हायचे, त्यामुळे जमा वाढत जाते. आणि नेमका एप्रिलचा उकाडा सुरू होताना खाते रिकामे होते. म्हणून संच वर्षभराच्या वापराहून मोठा घेण्यात अर्थ नाही. बसवायचाच असेल तर पावसाळा संपल्यावर, गच्चीची गळती दुरुस्त करून बसवावा. पॅनेल उभे राहिल्यावर वॉटरप्रूफिंग करायचे तर सारा सांगाडा उतरवावा लागतो.

दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला २०२४ च्या नियमबदलानंतर तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळते. वीज गेली की जाळ्याला जोडलेला साधा संचही बंद पडतो, भर दुपारी उन्हातसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही योजना आहे. खंडित पुरवठ्यावरचा उपाय म्हणून सौरसंच घेणाऱ्याला हे आधी माहीत असावे. बॅटरीची जोड वेगळा खर्च मागते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गच्ची सोसायटीची. तिथे सोपी वाट म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरवर संच बसवणे. त्याला किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. सात मजली इमारतीत पाणी चढवण्याचे आणि लिफ्टचे युनिट वरच्या टप्प्यात असतात, त्यामुळे हिशेब सहसा जुळतो. सर्वसाधारण सभेचा ठराव मात्र आधी हवा, निविदा नंतर.

चूल आणि गरम पाणी

गॅसमध्ये निवड आहे, पण ती कंपन्यांमधली कमी आणि इंधनांमधली जास्त. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत नळाने घरगुती गॅस पुरवण्याचे अधिकार महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे आहेत. दुसरा पाइपवाला नाही. सिलिंडरची एजन्सी बदलता येते, पण एका शहरात घरगुती सिलिंडरचा भाव सगळीकडे सारखाच, म्हणून ती बदलायची ती सेवेसाठी, दरासाठी नव्हे.

नळाच्या गॅसची तुलना करताना एक १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे साधारण १७ ते १८ घनमीटर गॅस हे प्रमाण धरावे. सिलिंडरचा चालू भाव १७ ने भागावा. येणारा आकडा नळाच्या घनमीटरच्या दराहून स्पष्टपणे मोठा असेल तर बदल फायद्याचा. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा मूल्यवर्धित कर १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, त्याने नळाच्या गॅसची बाजू मजबूत झाली. बदलाची योग्य वेळ स्वयंपाकघराचे काम निघालेले असताना. ओट्याच्या फरशा बसल्यावर पाइपसाठी भिंत फोडणे कोणालाच नको असते. भाड्याच्या घरात मालकाची संमती आणि अनामत कोणाच्या नावावर राहणार, हे आधी लेखी ठरवावे.

इंडक्शनच्या शेगडीवर एका सिलिंडरइतका स्वयंपाक करायला साधारण १३० ते १४० युनिटे लागतात. पहिल्या टप्प्याच्या ६.८२ रुपयांनी ते नऊशे-साडेनऊशे रुपये होतात आणि तुलना बरोबरीची वाटते. पण हा भाव इंडक्शनला जवळजवळ कधीच लागत नाही. ज्या घराचे आधीच ८० युनिट आहेत तिथे नव्या १३५ पैकी वीसच पहिल्या टप्प्यात बसतात, बाकीचे १३.२९ रुपयांनी पडतात. ज्याच्या गच्चीवर सौरसंचाची युनिटे मार्चअखेर शिल्लक राहतात, त्यालाच सगळा स्वयंपाक विजेवर करणे परवडते. इतरांनी शेगडी दुधाला आणि चहाला ठेवावी.

गरम पाण्याचे गणित उलटे जाते. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. चौघांच्या घरात हिवाळ्यात दिवसाला दोन-तीन युनिटे, म्हणजे महिन्याला ६० ते ९०, आणि ही सारी शेवटची युनिटे. स्वतःची गच्ची असेल तर सौर पाणीतापक हा सगळ्यांत जुना आणि अजूनही खरा उपाय. नळाचा गॅस असेल तर गॅस गिझर पाहावा: एका घनमीटरमधून साधारण आठ युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते, म्हणून घनमीटरचा दर आठने भागून तो आपल्या शेवटच्या युनिटशी ताडावा. दुसऱ्या टप्प्यातल्या घरात गॅस सहज जिंकतो. पण गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दारे-खिडक्या लावून आंघोळ करणाऱ्याला तो कळतही नाही. तापक बाहेर, हवेशीर जागी, आणि फक्त पाण्याची नळी आत.

अर्ज आणि तक्रार

भार कमी करणे, फेज बदलणे, नाव बदलणे, नेट मीटर यांचे अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर करता येतात. अर्जाचा क्रमांक आणि भरलेल्या शुल्काची पावती जपून ठेवावी. नवी जोडणी किंवा जोडणीतील बदल यांसाठी केंद्राच्या २०२४ च्या नियमांनी महानगरांखेरीज इतर शहरी भागात सात दिवसांची आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांची मुदत घालून दिली आहे, म्हणजे नाशिक शहराला सात आणि सिन्नर-दिंडोरीच्या खेड्याला पंधरा. सौरसंच लागल्यानंतरचे पहिले बिल मुद्दाम तपासावे: आयात, निर्यात आणि जमा अशी तिन्ही युनिटे त्यात दिसायला हवीत, आणि मागच्या महिन्याची जमा पुढे ओढलेली असावी.

चूक दिसली तर आधी उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. १९१२ वर नोंदवलेली तक्रारही चालते, पण क्रमांक टिपून घ्यावा. दाद मिळाली नाही तर नाशिक परिमंडळाचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथे वकील लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. मंचाचा निकाल मान्य नसेल तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे अर्ज करता येतो. जुनी थकबाकी म्हणून अचानक काही वर्षांपूर्वीची रक्कम बिलात आली, तर वीज अधिनियमाचे कलम ५६(२) वाचावे: देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर, ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर, ती वसूल करता येत नाही. वाद चालू असताना बिल पूर्ण थांबवू नये. मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी किंवा मागितलेली रक्कम निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही.